ज्याच्या पाठीशी मावशी

टॉम सॉयर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो कपाटात दडलेला, तोंडाला जॅम फासलेला. हकलबेरी फिन भेटतो तो हातात मेलेली मांजर धरून. मार्क ट्वेनने १८७६ साली ही दोन कार्टी एकाच पुस्तकात आणून सोडली आणि तेव्हापासून वाचकांनी त्यांची जोडी लावून टाकली आहे. दोघंही उनाड, दोघंही धाडसी, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असं आपण एका दमात म्हणून मोकळे होतो. पण जॅम चोरायचा तर आधी घरात जॅम असावा लागतो. तो कुणीतरी निगुतीने करून बरणीत भरलेला असावा लागतो आणि हात लावलास तर सालटं काढीन, असं दहादा बजावून ठेवलेलं असावं लागतं. मेलेल्या मांजरीला यातलं काहीच लागत नाही. ती जिथे मरते तिथे मिळते.

दोघांचं गाव सेंट पीटर्सबर्ग. हे नाव काल्पनिक, पण नकाशावर बोट ठेवायचंच तर मिझुरी राज्यातल्या, मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबलवर ठेवावं. सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजेच पुढचा मार्क ट्वेन, १८३९ साली अगदी लहानपणी या गावात आला आणि इथेच वाढला. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून टाकलंय की हक हा खराखुरा मुलगा होता, टॉम मात्र तीन मुलांचं मिश्रण आहे. हे वाचलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. टॉमला एका अंगात मावणं कधी जमलंच नसतं. कधी तो चाच्यांचा सरदार, कधी रॉबिन हूड, कधी विरहाने झुरणारा प्रेमिक, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घातलेला सद्गृहस्थांचा भाचा. एवढा कारभार करायला तीन मुलं लागणारच. हकसाठी एक मुलगा पुरला. गंमत म्हणजे त्या खऱ्याखुऱ्या हकचं नाव टॉम होतं, टॉम ब्लँकनशिप. साऱ्या गावात खऱ्या अर्थाने स्वतंत्र असा हा एकच प्राणी होता, असं ट्वेनने म्हातारपणी लिहून ठेवलंय. पुढे तो मोंटानातल्या कुठल्याशा आडगावी न्यायाधीश झाला आणि लोक त्याला मान देतात, असंही ट्वेनच्या कानावर आलं होतं. आपण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवावं. ट्वेनने मात्र ते मोठ्या आनंदाने नोंदवलं आहे.

माय मरो पण मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण कुणी अक्षरशः पाळली असेल तर टॉमच्या घराण्याने. त्याची आई वारलेली आणि मावशी ठणठणीत. ही पॉली मावशी म्हणजे टॉमच्या साऱ्या पराक्रमांचं बीजभांडवल आहे. ती छडी उगारते, टॉम तिला मागे वळून बघायला लावतो, तेवढ्यात कुंपणावरून पसार होतो, आणि ती बाई चिडायच्या ऐवजी हसत सुटते. नंतर तिला वाईट वाटतं की आपण पोराला शिस्त लावत नाही, मग लावली की वाईट वाटतं की मेलेल्या बहिणीच्या लेकराला मारलं. असं दोन्हीकडून वाईट वाटून घेणारं माणूस घरात असलं की मुलाला बंडखोर व्हायला काही अडचण नसते. बंड करायचं, जेवणाच्या वेळेला परत यायचं.

हकला आई नाही, मावशी नाही. बाप आहे, पण तो गावातला अव्वल दारुड्या, आणि असण्यापेक्षा नसलेला बरा. हवा चांगली असली की हक कुणाच्या तरी पायरीवर झोपतो, पाऊस असला की रिकाम्या पिंपात. अंगात मोठ्या माणसांचे टाकून दिलेले कपडे. आंघोळ नाही, शाळा नाही, चर्च नाही, आणि शिव्या मात्र उत्तम प्रतीच्या. गावातल्या सगळ्या आया त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण सगळ्या मुलांना त्याच्यासारखं व्हायचं असतं. टॉमलाही त्याच्याशी खेळायची सक्त मनाई आहे, म्हणून तो संधी मिळेल तेव्हा खेळतो. एके दिवशी शाळेत उशीर झाल्यावर मास्तर कारण विचारतात. टॉम थाप मारायच्या बेतात असतो, एवढ्यात त्याला दिसतं की मुलींच्या बाजूला एकच जागा रिकामी आहे आणि ती नव्याने आलेल्या बेकी थॅचरच्या शेजारी आहे. लगेच तो ताठ मानेने सांगतो की हकलबेरी फिनशी बोलत थांबलो होतो. शाळा सुन्न होते. फटके बसतात आणि शिक्षा म्हणून मुलींत बसावं लागतं. हकची दोस्ती ही गावात एवढी मोठी बदनामी होती की टॉमला ती वटवता आली. हकला या दोस्तीतून काय मिळालं? त्या दिवशी सकाळी टॉमचा पडलेला दात. तोही फुकट नाही, त्याबदली त्याने एक जिवंत गोचीड दिली होती.

देवाणघेवाणीचं निघालंच आहे तर रविवारच्या शाळेतल्या तिकिटांचं प्रकरण बघण्यासारखं आहे. बायबलातली दोन वचनं पाठ म्हटली की एक निळं तिकीट. दहा निळ्यांचं एक लाल, दहा लालांचं एक पिवळं, आणि दहा पिवळी झाली की समारंभपूर्वक एक बायबल बक्षीस. म्हणजे दोन हजार वचनं. एका जर्मन मुलाने अशी चार-पाच बायबलं मिळवली होती, पण एकदा न थांबता तीन हजार वचनं म्हणून दाखवताना त्याच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि त्यानंतर शाळेला पाहुण्यांपुढे मिरवायला चांगला विद्यार्थी उरला नाही. टॉम ही तिकिटं इतर मुलांकडून गळ, गोट्या, ज्येष्ठमधाच्या काड्या देऊन गोळा करतो आणि जज्ज थॅचर पाहुणे म्हणून आलेले असताना पुढे होऊन बायबलावर हक्क सांगतो. येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावं विचारल्यावर मग तो डेव्हिड आणि गोलायथ अशी ठोकून देतो, तो भाग वेगळा. आता हकचं बघा. त्याच्याकडेही एक निळं तिकीट आलं होतं. त्याने ते चक्रीची काठी देऊन घेतलं आणि पुढे मेलेल्या मांजरीच्या सौद्यात देऊन टाकलं, वर कत्तलखान्यातला एक फुगाही दिला. दोन वचनांची किंमत अर्धी मांजर. एकाच चलनातून एकाला व्यासपीठ हवंय, दुसऱ्याला चामखिळींवर औषध. आणि मांजर निदान ठरलेल्या कामाला, म्हणजे मध्यरात्री दफनभूमीत न्यायला, खरोखर वापरली गेली. टॉमने ते बायबल उघडल्याचा उल्लेख नाही.

कुंपणाला सफेदी करायची गोष्ट सगळ्या जगाला पाठ आहे, तेव्हा तिच्यात फार अडकायला नको. तीस यार्ड लांब आणि नऊ फूट उंच कुंपण, शनिवार, आणि शिक्षा झालेला टॉम. दुपार सरेपर्यंत कुंपणाला तीन हात बसले होते आणि टॉमकडे बारा गोट्या, दोरीला बांधून फिरवायचा मेलेला उंदीर, एका डोळ्याचं मांजरीचं पिल्लू, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली आणि कुत्र्याविना कुत्र्याचा पट्टा अशी मालमत्ता जमली होती. काम करायचं आणि काम करू देण्याचे पैसेही मोजायचे, हे त्याने त्या पोरांच्या गळी उतरवलं. यावर व्यवस्थापनशास्त्रवाले आजही भाषणं झोडतात. मला त्यात एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या दिवशी फसलेल्यांची जी नावं ट्वेन देतो, बेन रॉजर्स, बिली फिशर, जॉनी मिलर, त्यात हक नाही. असता तरी फसला नसता. दुसऱ्याला हेवा वाटावा म्हणून एखादी गोष्ट करणं हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही. सफेदी करायची तर कशाला, आणि नसेल करायची तर नदीवर जाऊ, एवढाच त्याचा हिशेब.

दोघांमधला खरा फरक कळतो तो त्यांच्या मरणांत. दोघंही एकदा मेले, आणि दोघांनी आपलं मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

टॉमचं मरण पहिल्या पुस्तकातलं. बेकी रुसली, मावशीने अन्याय केला, म्हणून टॉम आपला मित्र जो हार्पर आणि हकला घेऊन चाचा व्हायला जॅक्सन बेटावर निघून जातो. गावाला वाटतं पोरं बुडाली. प्रेतं वर यावीत म्हणून फेरीबोटीवरून तोफा डागल्या जातात, आणि आपणच बुडालोय हे पोरांच्या लक्षात येताच त्यांना आकाश ठेंगणं होतं. टॉम एका रात्री पोहत, लपतछपत घरी येतो. झाडाच्या सालीवर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असते, की आम्ही मेलेलो नाही. मावशी झोपेत हुंदके देतेय. हा तिचा मुका घेतो आणि चिठ्ठी तशीच खिशात घालून परत जातो. कारण मधल्या काळात त्याला कळलेलं असतं की रविवारी आपल्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना आहे, आणि मग एवढा चांगला कार्यक्रम वाया का घालवायचा? रविवारी पाद्र्याचं गुणगान ऐकून सारा गाव ढसाढसा रडत असताना तिघे मधल्या वाटेने चालत आत येतात. मावशी टॉमला कवटाळते, हार्पर मंडळी जोला. हक मध्येच उभा. कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत, त्याला कळत नाही. तेव्हा टॉम म्हणतो की मावशी, हे बरं नाही, हकला बघूनही कुणाला तरी आनंद व्हायला पाहिजे. टॉमवर चिडायचं म्हटलं तर ही अशी वाक्यं आड येतात.

हकचं मरण दुसऱ्या पुस्तकातलं, १८८४-८५ सालचं. दारुडा बाप त्याला नदीपलीकडच्या झोपडीत कोंडून ठेवतो आणि एका रात्री झिंगून सुरी घेऊन मागे लागतो. हक एक रानडुक्कर मारतो, रक्त सांडतो, कुऱ्हाडीला आपले केस चिकटवतो, खोटा माग उमटवतो आणि होडीतून सटकतो. गुन्हे अन्वेषण खात्याने धडा म्हणून शिकवावं इतकं चोख काम. आणि हे सगळं करताना त्याला काय वाटतं? की टॉम सॉयर इथे हवा होता, त्याने यात काय काय कलाकुसर केली असती! पुन्हा तेच जॅक्सन बेट, पुन्हा तीच फेरीबोट, पुन्हा तोफा. बुडालेल्याचं प्रेत शोधायला पावात पारा घालून तो नदीत सोडायची तिथली रीत. असा एक पाव वाहत हकजवळ येतो. तो बूच काढतो, पारा झटकतो आणि पाव खातो. आणि पाव साध्या मक्याच्या भाकरीसारखा नाही, भट्टीतला, श्रीमंतांकडचा, हे आवर्जून सांगतो. टॉमने आपल्या मरणातून अश्रू वसूल केले, हकने नाश्ता.

पहिल्या पुस्तकातली आणखी एक रात्र अशीच आहे. सहलीला गेलेली टॉम आणि बेकी गुहेत वाट चुकतात. दिवसचे दिवस सारं गाव मशाली घेऊन त्यांना शोधतंय. नेमक्या सहलीच्याच रात्री हक एकटा खानावळीबाहेर पाळत ठेवून बसलेला असतो. खुनी इन्जन जो आपल्या साथीदाराबरोबर बाहेर पडतो, हा अनवाणी मागोमाग जातो आणि ऐकतो की विधवा डग्लसबाईंचं नाक-कान कापायचा बेत आहे. पळून जावंसं वाटतं, पण या बाई आपल्याशी एकदा नव्हे, बऱ्याचदा मायेने वागल्यात हे आठवतं. तो धावत जाऊन शेजारच्या म्हाताऱ्या वेल्शमनला उठवतो आणि एकच अट घालतो, माझं नाव सांगू नका. पुढे गोळ्यांचे आवाज येतात आणि हा धूम ठोकतो. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणतो. त्याचा पराक्रम गावाला कळायच्या आत गुहेतून टॉम बाहेर येतो आणि घंटा वाजतात. शेवटी वेल्शमन एका समारंभात हकचं नाव जाहीर करतो. डग्लसबाई गहिवरून म्हणतात की मी या मुलाला घरात ठेवीन, वाढवीन. झाली शिक्षा. माणसाचा जीव वाचवल्याबद्दल स्वच्छ चादरी, सुरी-काटे, बूट आणि वेळेवर जेवण.

खजिना सापडून दोघांच्या वाट्याला सहा-सहा हजार डॉलर्स येतात. सहा टक्के व्याजाने दोघांना दिवसाला एकेक डॉलर मिळू लागतो. तीन आठवड्यांत हक डग्लसबाईंकडून पळतो आणि पुन्हा पिंपात आढळतो. टॉम त्याला समजावायला जातो, आणि समजुतीचा मुद्दा तरी काय असावा? दरोडेखोरांची टोळी काढायची आहे, पण तू सभ्य नसलास तर तुला त्यात घेता येणार नाही. लोक काय म्हणतील? टॉम सॉयरच्या टोळीत कसली कसली माणसं आहेत म्हणतील! अब्रूदार दरोडेखोरांची ही कल्पना मला तरी जगातल्या कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त काही शिकवून गेली.

टोळी निघते. टॉम तिचा कार्याध्यक्ष, आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या अध्यक्षासारखा. पावतीपुस्तक आधी छापलं पाहिजे, मूर्ती नंतर बघू. शपथ रक्ताने, नियम पुस्तकातून. ओलीस धरलेल्यांचं पुढे काय करायचं असतं हे मात्र पुस्तकात नीट दिलेलं नसतं, त्यामुळे शेवटी ते मरेपर्यंत सांभाळायचे असं ठरतं. स्पॅनिश व्यापारी आणि अरबांचा मोठा काफिला, हत्ती-उंटांसकट, लुटायला टोळी चालून जाते. तो निघतो रविवारच्या शाळेतल्या चिमुरड्यांचा वनभोजनाचा मेळावा. लूट: थोडे गोड वडे, जॅम, एक चिंध्यांची बाहुली, एक भजनांचं पुस्तक. टॉमचं म्हणणं, हत्ती होते, जादूगारांनी शाळा करून टाकली, तुम्ही डॉन किहोते वाचलेलं नाही म्हणून तुम्हाला दिसलं नाही. हक यावर वाद घालत नाही. तो एक जुना दिवा घेऊन रानात जातो आणि घाम फुटेपर्यंत घासतो. जिन येत नाही. मग त्याचा निष्कर्ष: ही सगळी टॉमची थाप, हिला रविवारच्या शाळेचा वास येतो. त्याच्याइतका निर्मळ शास्त्रज्ञ त्या गावात दुसरा नव्हता.

आणि या सगळ्यानंतरही हकला टॉम मोठा वाटतो. टॉमला शिक्षण आहे, शैली आहे, त्याला पुस्तकं माहीत आहेत. हा न्यूनगंड पुस्तकभर टिकतो आणि त्यामुळेच पुढचं सगळं वाचवत नाही आणि सोडवतही नाही.

जॅक्सन बेटावर हकला जिम भेटतो. डग्लसबाईंच्या बहिणीचा, मिस वॉटसनचा गुलाम, आठशे डॉलर्सना आपल्याला दक्षिणेत विकणार म्हणून पळालेला. दोघं तराफ्यावरून नदीतून खाली निघतात. आता लक्षात घ्या, त्या गावात गुलाम ठेवणं पाप नव्हतं. डग्लसबाई, मिस वॉटसन, पॉली मावशी, सगळ्या देवभोळ्या, चांगल्या बाया. पळालेल्या गुलामाला मदत करणं हे मात्र चोरीत आणि नरकात मोडत होतं. हे लहानपण ट्वेनच्या अंगात किती खोल रुतलं होतं याचा पुरावा मुंबईत सापडतो. जानेवारी १८९६ मध्ये तो व्याख्यानांच्या दौऱ्यात मुंबईला आला आणि वॉटसन्स हॉटेलात उतरला. तिथे एका धिप्पाड जर्मन माणसाने खोलीतल्या नोकराला, काय चुकलं हे न सांगताच, जबड्यावर एक ठेवून दिली. नोकराने मुकाट्याने ती सोसली. त्या एका थपडेसरशी साठ वर्षांचा ट्वेन पन्नास वर्षं मागे मिझुरीत जाऊन पोचला. गुलामांशी बोलायची हीच पद्धत आपल्या घरात होती, वडील तसेच होते आणि ते काही दुष्ट नव्हते, असं त्याने प्रवासवर्णनात लिहिलंय. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलं ते लोक आवडीने सांगतात, ही थप्पड फारसं कुणी सांगत नाही.

तर हकचं सारं संकट असं की त्याचं मन त्याला सारखं टोचतं, आणि टोचतं ते चांगलं केल्याबद्दल. वाटेत गुलाम शोधणारे दोघं भेटतात. हक असं दाखवतो की तराफ्यावर आपला बाप देवीने आजारी आहे. दोघं दूर सरकतात आणि प्रत्येकी वीस डॉलर्सचं सोन्याचं नाणं फळीवर ठेवून सटकतात. पुढे राजा नावाचा ठग जिमला चाळीस डॉलर्सना विकतो. हक कागद घेतो, मिस वॉटसनला तिचा गुलाम कुठे आहे ते लिहितो, आणि त्याला एकदम पुण्यवान वाटू लागतं. मग जिम आठवतो, तराफ्यावर हकच्या वाटचा पहारा स्वतः करणारा जिम. हक चिठ्ठी फाडतो आणि ठरवतो की नरकात जायचं तर जाऊ. हा निर्णय टॉमने घेतला असता तर आधी मशाली लावल्या असत्या. हकने तो एकट्याने घेतला, कुणी बघत नसताना, आणि आपण वाया गेलो आहोत याची त्याला पक्की खात्री होती.

आणि मग टॉम येतो. जिमला ज्या शेतावर कोंडलंय तिथली मालकीण सॅली फेल्प्स ही नेमकी टॉमची दुसरी मावशी निघते. मावश्यांची कुमक या मुलाला कुठेही कमी पडत नाही. सॅली मावशी हकलाच टॉम समजते, मग खरा टॉम आपण भाऊ सिड असल्याचं सांगतो. जिमला पळवायला मदत करतो असं तो म्हणतो तेव्हा हकचा विश्वास बसत नाही. इतक्या चांगल्या घरचा मुलगा इतकं खाली कसा उतरेल? हकची योजना सोपी: म्हाताऱ्याच्या पाटलोणीतून किल्ली काढायची, रात्री दार उघडायचं, तराफ्यावर बसायचं. टॉमचं उत्तर, चालेल, पण यात मजा नाही.

मग जी मजा सुरू होते ती संपता संपत नाही. जिमची साखळी पलंगाच्या पायाला अडकवलीय, पलंग उचलला की सुटते. नाही, पाया करवतीने कापायचा आणि भुसा खाऊन टाकायचा. खातात, आणि पोटं धरून बसतात. भुयार सुऱ्यांनी खणायचं, हाताला फोड येतात, मग टॉम कुदळ घेतो पण तिला सुरी म्हणायचं ठरवतो. दोरीची शिडी कचोरीत घालून आत पाठवायची, जिमने शर्टावर रक्ताने रोजनिशी लिहायची, त्याच्या खोलीत उंदीर, कोळी आणि साप सोडायचे, कारण मोठ्या कैद्यांच्या खोलीत ते असतातच. एक भलंमोठं जातं आत न्यायचंय, पोरांना ते हलत नाही. म्हणून जिम पलंग उचलतो, साखळी गळ्याभोवती गुंडाळतो, बाहेर येतो, जातं ढकलत आत आणतो आणि पुन्हा कैदेत जाऊन बसतो. टॉमला हे काम एवढं आवडतं की त्याच्या मते ते जन्मभर चालवून पुढे मुलाबाळांच्या हाती सोपवता आलं असतं. ऐंशी वर्षंसुद्धा लांबवता येईल. तयारीला तीन आठवडे जातात. शेवटी टॉमच निनावी पत्रं लिहून पंधरा बंदूकधारी शेतकरी जमवतो, पोटरीत गोळी खातो आणि आनंदाने वेडा होतो.

हेमिंग्वेने १९३५ साली वाचकांना सांगितलं होतं की जिमला चोरतात तिथेच हे पुस्तक मिटा, पुढचं सगळं फसवणूक आहे. मला ते पटत नाही. पुढचं वाचलं नाही तर आपण जन्मभर टॉमला वात्रट पण मोठ्या मनाचा मुलगा समजत राहू. आणि तो ते आहेच, हीच तर अडचण आहे. बेकीने मास्तरांचं पुस्तक फाडलं तेव्हा छड्या यानेच खाल्ल्या होत्या. फेल्प्सच्या शेतावर मात्र त्याला एक गोष्ट पहिल्यापासून माहीत होती. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलं होतं. म्हणजे टॉमने कायदा मोडला नाही, पाप केलं नाही, आणि घराण्याला बट्टाही लावला नाही. एका मोकळ्या माणसाला त्याने तीन आठवडे सापांसोबत कोंडून ठेवलं. हकला हे कळतं तेव्हा त्याला राग येत नाही, उलट हायसं वाटतं, की टॉम आपल्यासारखा बिघडलेला नाही. कैदी म्हणून उत्तम काम केल्याबद्दल टॉम जिमला चाळीस डॉलर्स देतो. राजाने त्याला विकला तोही चाळीसला. माणसांचे भाव या पुस्तकात फारसे बदलत नाहीत. गोळी टॉम घड्याळाच्या साखळीला लावून गळ्यात घालतो आणि सारखा किती वाजले ते बघतो. २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेटने हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली आणि तिला पुलित्झर मिळालं. जिमला बोलायला जागा मिळायला एवढी वर्षं लागली याचं, फेल्प्सच्या शेताचं प्रकरण वाचलेल्या माणसाला नवल वाटू नये.

शेवटी टॉमच्या डोक्यात नवं खूळ येतं: पश्चिमेला इंडियनांच्या मुलखात साहसं करायला जाऊ, एखाद-दोन आठवड्यांसाठी. हकलाही त्याच मुलखात जायचंय, पण सगळ्यांच्या आधी आणि परतीचं काही न ठरवता, कारण सॅली मावशी त्याला दत्तक घेऊन माणसात आणायच्या विचारात आहे. असा मुलगा कुणाच्या हाती लागू नये असं पुस्तक मिटताना वाटतं. तो लागला, आणि पकडणारा होता ट्वेनच. ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडत चालली होती, पैशांची गरज होती, टॉमच्या नावावर पुस्तक खपत होतं. १८९४ साली आलेल्या पुस्तकात टॉमला वाटतं की पोटरीतल्या गोळीची बातमी गावात शिळी झाली, काहीतरी नवं हवं. मग तो, जिम आणि पळून गेलेला हक, तिघं बलूनमध्ये बसून अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत पोचतात, सिंह बघतात, सहारा ओलांडतात, सायनाय पर्वतावर येतात. तिथे टॉमची मक्याच्या बुरकुंडाची चिलीम फुटते. दुसरी आणायला तो जिमला बलूनने घरी पाठवतो. जिम परत येतो तो निरोप घेऊनच: मावशीला कळलंय, ती ओसरीत आभाळाकडे डोळे लावून बसलीय आणि टॉम येईपर्यंत हलणार नाही. तिघेही निमूटपणे घराकडे निघतात.